एडीच्या खाटेखालची जागा

सेडूना गावातल्या, गाडीला कॅरव्हॅन जोडायच्या हिचच्या दुकानातून ब्रॉन्विन परत आली ती नुसतीच माहितीपत्रकं घेऊन. काल तीन डब्यांचा भलामोठा ट्रक शेजारून गेला आणि गाडीला जोडलेली तिची कॅरव्हॅन, चाकांवरचं घरच ते, मागे हेलकावे खायला लागली. स्टिअरिंगजवळची कळ दाबून फक्त कॅरव्हॅनचे ब्रेक लावले, म्हणून निभावलं. मागच्या सीटवर चार वर्षांची एडी टाळ्या पिटत होती, "आई, घर नाचतंय!"

पुढे नलारबरचा बाराशे किलोमीटरचा उघडा माळ. त्यापलीकडे एस्परन्सला चार महिन्यांपासून वाट बघणारा कॅलम, एडीचा बाबा. उद्या निघायचं, की कॅरव्हॅन इथेच टाकून बसनं जायचं?

कॅरव्हॅनच्या तळावर शेजारी उतरलेली मर्ल खुर्ची टाकून कालवं उघडत बसली होती. सत्तरी उलटलेली, तरी एकटीच कॅरव्हॅन ओढत देशभर फिरायची.

"काय म्हणाला दुकानदार?"

"सगळ्यांत जाड सळयांची हिच घ्या म्हणतो. कॅरव्हॅन हलायचं नावच काढणार नाही."

"कॅरव्हॅन अडकते त्या गाडीच्या बॉलवर वजन किती पडतं, विचारलं त्यानं?"

"नाही."

"म्हणजे पाऊल न बघताच बूट विकतोय मेला!"

मर्लनं आपला वजनाचा काटा आणून कॅरव्हॅनच्या पुढच्या दांड्याखाली लावला. सत्तर किलो.

"सोळाशे किलोची कॅरव्हॅन, अन् पुढे सत्तर? एकशेसाठ तरी हवं, नाहीतर मागचा भार डोलवणारच. अगं पोरी, मागे भरलंयस तरी काय?"

मागे सगळंच होतं. कॅलमची हत्यारं, पुस्तकांची खोकी, शिलाई मशीन, पाण्याचे कॅन. आणि पुढे एडीच्या खाटेखाली फक्त एक कापडी वॉम्बॅट.

"तिथे एडी झोपते," ब्रॉन्विन म्हणाली. "जड काही तिच्याजवळ नको, म्हणून..." लेकीला जपायला म्हणून रचलेला तो सगळा भार काल लेकीलाच रस्त्याबाहेर ओढत होता.

मर्ल हसली नाही. हात पुसून उठली. "माझी पोरं लहान होती तेव्हा मीही हेच केलं होतं. सळया पुढचं वजन गाडीच्या सगळ्या चाकांवर वाटून देतात गं. जे पुढे नाहीच, ते काय वाटणार? चल, उचल खोकी."

हत्यारं आणि मशीन चाकांच्या वर, कॅरव्हॅनच्या तळालगत गेली. पुस्तकं एडीच्या खाटेखाली, पट्ट्यांनी आवळून. कॅन रिकामे केले, पिण्यापुरतं पाणी तेवढं गाडीत घेतलं. काटा एकशेसाठवर आला, पण कॅरव्हॅन जोडताच गाडीची शेपूट बसली आणि नाक वर झालं. ब्रॉन्विननं पुढच्या मडगार्डाची उंची टेपनं मोजली. मोकळ्या गाडीपेक्षा तीन बोटं जास्त.

"आता जा दुकानात," मर्ल म्हणाली.

ब्रॉन्विननं जाड सळया परत ठेवायला लावल्या. एकशेसाठला पेलतील अशा मधल्या सळया घेतल्या, डोलणं घर्षणानं आवरणाऱ्या. बसवून पुन्हा टेप लावली. नाक खाली आलं होतं.

"माझ्या खाटेवर मीच झोपणार ना?" एडीनं विचारलं.

"तूच. खाली पुस्तकं राखण करतील."

दुसऱ्या दिवशी माळावर समोरून ट्रक आला. ब्रॉन्विननं वेग ऐंशीवर आणला, स्टिअरिंग घट्ट धरलं. वाऱ्याचा लोट आदळला. कॅरव्हॅन एकदा अंग झटकल्यासारखी हलली आणि सरळ झाली.

"आज घर नाचलंच नाही," एडी फुरंगटून म्हणाली.

ब्रॉन्विननं स्टिअरिंगवरची बोटं सैल केली, एकेक करून.