पामला चावी

चाळीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त करतोय आणि चाळीस वर्षं बायको म्हणतेय की मला घड्याळाशिवाय दुसरं काही सांभाळता येत नाही. लेकाकडे महिनाभर जाताना तिने दिवाणखान्यातल्या पामकडे बोट दाखवून अट घातली. "हा जगला तर दुकान चालू ठेवा. मेला तर दुकानाला कुलूप, आणि आपण दोघं कायमचे लेकाकडे." मी हो म्हटलं. झाडाला पाणी घालणं म्हणजे काय डोंगर खणायचाय?

"अहो, रोज घालू नका हं. मातीत बोट खुपसा, कोरडं लागलं तरच घाला," असं ती दारातून दोनदा म्हणाली. आता बोट हे काय मोजमाप झालं? माझ्या धंद्यात बोट लागलं की यंत्र बिघडतं. चावी द्यायची ती रोज, ठरल्या वेळी, सारखीच. मी सकाळी आठचा एक पेला ठरवला आणि एक दिवसही चुकवला नाही.

दहाव्या दिवशी खालची पानं पिवळी पडली. चावी कमी पडतेय हे उघड होतं, म्हणून मी संध्याकाळचाही पेला सुरू केला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल तर कुजायला लागला. फोनवर बायको "झाड दाखवा" म्हणाली की मी हिरवी बाजू पुढे करायचो. पुढे हिरवी बाजूच उरली नाही, तेव्हा कॅमेरा बिघडल्याचं सांगितलं.

पंचविसाव्या दिवशी कुंडीचा वास सहन होईना. झाड उचलून दुकानात नेलं, टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि बंद घड्याळाचं करतो तेच केलं. खोललं. डोळ्याला भिंग लावून, चिमट्याने धरून एकेक मूळ तपासलं. काळं, मऊ ते कापलं. पांढरं, टणक ते ठेवलं. एक गिऱ्हाईक दारातून डोकावलं आणि आल्या पावली निघून गेलं. शेवटी मूठभर मुळं राहिली. लेकाकडे खोली चांगली आहे, ऊन येतं, सगळं आहे. पण तिथे सकाळी उठून मी करणार काय?

"हे काय चाललंय?"

दारात बायको उभी होती. हातात बॅग, पाच दिवस आधीच.

थाप मारायला जागाच नव्हती. "रोज पाणी घातलं. नंतर दोनदा," मी म्हणालो. "हरलो मी. दुकान आवरायला घेतो."

तिने वाकून मुळं पाहिली.

"तिकडे माझंही असंच चाललं होतं," ती म्हणाली. "सून म्हणायची, आई, बसा. लेक म्हणायचा, आई, तू उठू नकोस. पोरं गुणाची आहेत हो. पण पंचवीस दिवसांत मला साधा चहा करू दिला नाही कुणी."

मी स्टूल पुढे सरकवलं. बॅग खाली ठेवून ती बसली आणि तिने हात पुढे केला.

"कुलूपबिलूप राहू द्या. दुसरा चिमटा द्या मला. आणि ते मूळ कापू नका, जिवंत आहे ते."