आतून विणलेला दिवा

रेघ मोडली तेव्हा बारकीने आधी बांबूच्या पट्टीला दोष दिला, मग उजेडाला, आणि दुसरं कुणी उरलं नाही म्हणून शेवटी स्वतःला.

दिवा माणसाएवढा उंच व्हायचा होता. बुडाशी ऐसपैस, वर निमुळता, दोन्ही टोकांना उघडा. दिव्याची ऑर्डर देणाऱ्या डिझायनरबाईंच्या चित्रात सगळी मदार एकाच गोष्टीवर होती. बांबूच्या विणीतून उमटणारी तिरपी रेघ बुडापासून निघून दिव्याभोवती फिरत शेंड्यापर्यंत न तुटता जायला हवी. आत बल्ब लावला की तीच रेघ सावली होऊन भिंतीवर चढणार होती. बाबांनी काम छातीपर्यंत आणलं होतं. मग एका सकाळी कप त्यांच्या हातातून निसटला आणि तो उचलायला हात पुढे आलाच नाही. डावा हात. ज्याच्यामुळे सगळी गल्ली त्यांना डावरा म्हणायची, तो.

उरलेलं काम बारकीने करायचं हे कुणी ठरवलं नाही. दुसरं होतंच कोण? अकरा वर्षं ती विणत होती. पट्टी दोन उभ्या कामट्यांवरून, दोन कामट्यांखालून, दर फेरीला एक कामटी पुढे. तिने चार फेऱ्या घातल्या, दोन पावलं मागे सरून पाहिलं. बाबांची रेघ डावीकडे झुकत वर येत होती आणि तिच्या फेऱ्यांपाशी पोचताच रुसल्यासारखी उजवीकडे निघून जात होती.

कारण कळायला अर्धा दिवस गेला. शिकताना ती नेहमी बाबांच्या समोर बसायची. त्यांचा डावा हात चालला की तिचा उजवा चालायचा. आरशात पाहून केस विंचरावेत तशी ती विणायला शिकली होती. दोघांच्या टोपल्या इतकी वर्षं एकाच फळीवर विकल्या गेल्या, पण प्रत्येक टोपली एकाच्याच हातची. एकाची रेघ दुसऱ्याच्या रेघेला कधी भेटलीच नव्हती.

"मग तूही त्यांच्यासारखं उलट्या बाजूने विण की," आई म्हणाली. "त्यात काय एवढं?"

"हात ऐकत नाही गं."

"तुमच्यात कुणाचा हात कुणाचं ऐकतो!"

आपल्या चार फेऱ्या उसवून तिने डाव्या हाताने विणून पाहिलं. वीण इतकी सैल पडली की फटीतून बोट जाईल. उसवली. दिवा डोक्यावर उभा केला तर? कागदावर एक तिरपी रेघ मारून तिने कागद उलटा फिरवला. रेघ होती तशीच तिरपी राहिली.

डिझायनरबाईंना फोन केला. त्या चिडल्या नाहीत, हेच वाईट.

"सगळा तुम्ही विणला तरी चालेल हो," त्या म्हणाल्या. "पण मग बुडापासून. मोडलेली रेघ नको. नऊ दिवस आहेत."

म्हणजे बाबांचं काम उसवायचं. त्यांच्या डाव्या हाताने केलेलं शेवटचं काम. पलीकडच्या खुर्चीत बसून बाबा रोज सकाळी अर्ध्या तोंडाने विचारायचे, "कुठवर आलं?" आणि ती म्हणायची, "येतंय, बाबा."

तिसऱ्या दिवशी आई बाबांचं अंग पुसायला निघाली. रबरी हातमोज्यांपैकी उजवा फाटला होता. टाकून देईल तर ती आई कसली! तिने जुन्या जोडीतला एक डावा मोजा काढला, आतली बाजू बाहेर केली आणि सरळ उजव्या हातात चढवला. बसला.

बारकी बघत राहिली. "आई, पुन्हा कर."

"काय?"

"ते मोज्याचं."

"डोकं ठिकाणावर आहे ना?" म्हणत आईने पुन्हा करून दाखवलं.

दिवा फिरवून उपयोग नव्हता. आत शिरायला हवं होतं. आतून तिचा उजवा हात नेहमीसारखा डावीकडून उजवीकडे गेला, तर बाहेरून तो उजवीकडून डावीकडे गेलेला दिसणार. बाबांसारखा. तिने दिवा चार स्टुलांवर चढवला, बुडातून आत घुसली, खाली एक ठोकळा ओढून त्यावर उभी राहिली.

पट्टीची चकाकती बाजू बाहेर राहायला हवी, म्हणजे ती तिच्याकडून दिसायची नाही. ती बोटांनी ओळखायची. फेरी ओढून घट्ट करताना कामट्यांच्या कडा बोटांच्या पेरांना कापायच्या. दोन फेऱ्यांनंतर तिने आईला हाक मारली.

"रेघ बघ. कुठे चाललीय?"

आईने बराच वेळ पाहिलं. "वर," ती म्हणाली. "सरळ वर चाललीय गं."

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी खुर्ची दिव्याजवळ मागून घेतली. उजवा तळवा विणीवर टेकवून ते बसायचे. आत पट्टी सरकली की त्यांच्या हाताखाली वीण हलायची, जणू तोच हात विणत होता. बारकीला फटींतून त्यांचं बोट दिसायचं, शर्टाचं बटण दिसायचं. पुन्हा दोघं समोरासमोर होती. फक्त आता त्यांना ती दिसत नव्हती. कधी ते झोपेत असल्यासारखे पुटपुटायचे, "घट्ट. अजून." ती घट्ट करायची.

आठव्या दिवशी शेंडा बांधून ती खालून बाहेर आली. बाबा खुर्चीत झोपले होते.

डिझायनरबाई आल्या. दिव्याभोवती दोनदा फिरल्या, रेघेवरून बोट नेत. "जोड कुठे आहे?"

"जोड?" बाबा अर्ध्या तोंडाने हसले. आजारपणानंतर पहिल्यांदाच. "एका हातचं काम आहे, बाई. कालच संपवला मी."

दारातून आई "अहो..." म्हणाली आणि थांबली. बाईंनी बारकीकडे पाहिलं. बारकीने कापलेली बोटं ओढणीत घेतली.

"हो," ती म्हणाली. "बाबांनीच."

बाईंनी रेघेवरून पुन्हा एकदा बोट नेलं. मग म्हणाल्या, "अजून सहा हवे होते. एका रांगेत लावणार आहे, म्हणून रेघ अशीच हवी. याच बाजूची. होतील?"

"करू की," बाबा म्हणाले.

दिवा गेल्यावर आईने तिला मोरीपाशी गाठलं. "सांगायला काय झालं होतं तुला?"

"काय सांगू?"

 आईने बादली नळाखाली सरकवली. आतून बाबांचा आवाज आला, "पट्ट्या भिजत घाला गं. उद्या बसतो मी."

दुसऱ्या दिवशी बारकीने बुडाचं कडं चार स्टुलांवर ठेवलं, कामट्या उभ्या केल्या आणि मध्ये जाऊन बसली. दिवसागणिक वीण वर चढली, गुडघ्याएवढी, मग कमरेएवढी. बाबांनी खुर्ची ओढायला लावली. वीण खांद्यांच्या वर गेली तेव्हा त्यांनी तळवा टेकवला आणि थोडा वेळ अंदाज घेतला.

"जरा घट्ट," ते आपल्या हाताला म्हणाले.

आतून बारकीने पट्टी ओढली.