लावलेली धूळ

माझे वडील एका श्रीमंत गृहस्थांकडे आयुष्यभर चालक म्हणून नोकरीस होते. ज्या काळ्या, लांब नाकाच्या, जुन्या घडणीच्या मोटारीने त्यांचे आयुष्य व्यापले, तिला आमची आई ‘माझी सवत’ असे संबोधत असे. कारण असे, की पिवळ्या फडक्याने गाडी पुसून तिच्यावर खोळ चढविल्याशिवाय वडील जेवायला बसत नसत. अंगात ताप असो, घरी पाहुणे खोळंबलेले असोत, हा नेम कधी मोडला नाही. आधी सवतीची सेवा आणि मग माझं निवलेलं जेवण, असे आई हसून सांगे. तथापि ते हसणे पूर्णतः हसणे नव्हते.

पुढे मालक वारले, वडील घरी बसले, आणि वृद्धापकाळी त्यांना पक्षाघाताने गाठले. उजवे अंग गेले, वाचा गेली. डावा हात तेवढा हाले. आई त्यांना दुधात भिजविलेला पाव चमच्याने भरवी व तो ते कसाबसा गिळत. परंतु चमचे दिवसेंदिवस कमी होऊ लागले. डॉक्टरांनी मला दाराबाहेर नेऊन स्पष्ट सांगितले, की अशा रुग्णाने गिळणे सोडले तर ते पुन्हा येईलच असे नाही, सबब त्यांचे मन कशात तरी गुंतवा.

मी गॅरेजात गाड्या रंगवितो. माझ्या मनाने असे घेतले, की त्याच मोटारीचे धातूचे लहान मॉडेल विकत आणावे आणि ते हुबेहूब तिच्यासारखे करून वडिलांच्या दृष्टीसमोर ठेवावे.

दुकानातून आलेले मॉडेल वीतभर लांबीचे व खेळण्यासारखे चकचकीत होते. मी त्याचे स्क्रू काढून ते उकलले. जुन्या चार्जरमधील तांब्याची केसासारखी तार काढून इंजिनाच्या वायरी जोडल्या. वडिलांनी स्टिअरिंगला दोरी गुंडाळली होती, तिच्या जागी शिवणाचा दोरा गुंडाळला. मग धूळ. खरी धूळ एवढ्याशा गाडीवर खडीसारखी दिसते, म्हणून रंगीत खडूची पूड करून ती मऊ ब्रशाने चोळावी लागते. गंज मी स्पंजाच्या तुकड्याने टिपला, आणि हे सर्व चिरकाल टिकावे म्हणून वर वार्निशचा हात दिला.

धूळ आणि गंज अशासाठी, की मालकांच्या पश्चात ती मोटार त्यांच्या आवारात झाडाखाली उघडी पडली होती, आणि भंगारात जाण्यापूर्वी मी तिला तशीच पाहिली होती. माझ्या डोळ्यांत तीच भरली होती. वडील मात्र नोकरी सुटल्यावर त्या रस्त्याला कधी फिरकले नाहीत.

मॉडेल मी पलंगाशेजारी स्टुलावर ठेवले. वडिलांनी मान वळविली, बराच वेळ पाहिले, आणि त्यांच्या घशातून एक आवाज निघाला. आम्हांस परमानंद झाला. आईने लगबगीने चमचा पुढे केला, तर त्यांनी ओठ घट्ट मिटले.

दुसऱ्या दिवशीही तेच. चमचा जवळ आला की डावा हात तो दूर सारी, आणि बोट स्टुलाकडे जाई. मी विचार केला, की वडिलांची नजर कडक, माझ्या कामात काही उणे राहिले असावे. म्हणून मागच्या काचेला तडा दिला, एक टायर हवा गेल्यासारखे चपटे केले, टपावर पक्ष्यांची घाण दाखविली. जसजशी गाडी खरी होत गेली, तसतसे वडील वाळत गेले. सलाइन लावले होते, पण त्याने ओठ उघडत नाहीत.

एके सकाळी माझी पत्नी खोली झाडीत असता स्टुलाशी आली. मी तिला हटकले.

“अगं, हात लावू नकोस. ती धूळ आहे.”

“धूळ आहे म्हणूनच पुसतेय ना.”

“तशी नाही. लावलेली धूळ आहे ती.”

“कमाल आहे. सासऱ्यांचा जन्म गेला पुसण्यात, आणि तुम्ही पैसे खर्चून लावत बसलाय.”

आई उशाशी वाटी घेऊन बसली होती. तिचा चमचा हवेत तसाच राहिला.

“अरे,” ती म्हणाली, “मळकी गाडी दारात ठेवून हे जेवायला बसलेत का रे कधी?”

मी मॉडेल वडिलांच्या छातीवर ठेवले आणि त्यांच्या डाव्या हातात पिवळे फडके दिले. ते पुसू लागले. बॉनेट पुसले, टप पुसला, पुन्हा बॉनेट. काही निघेना. माझे वार्निश उत्तम लागले होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले, आणि हात थांबेना.

मी ते काढून घेतले व मेजाशी बसून थिनरने घासले. धूळ गेली, गंज गेला, त्यांच्याबरोबर मूळचा काळा रंगही गेला आणि खाली पांढरा धातू दिसू लागला. तेव्हा मी काळ्या रंगाचा फवारा मारला. रंग सुकल्यावाचून गाडी हातची सोडायची नाही, हे मी गॅरेजात इतरांना शिकवितो. त्या दिवशी मी ओली गाडी सोडली.

वडिलांनी तिच्यावरून फडके फिरविले. मग हात पसरून ते काहीतरी मागू लागले. आईला ते बरोबर कळले. तिने आपला रुमाल त्यांच्या हाती दिला, आणि त्यांनी तो एका हाताने, कोपरे ओढून ओढून, गाडीवर घातला.

“झाकली हो गाडी,” आई म्हणाली. “आता जेवा.”

त्यांनी आज्ञाधारकपणे तोंड उघडले. आईने चमचा दिला. आम्ही तिघे त्यांच्या गळ्याकडे पाहत राहिलो. दूध ओठाच्या कोपऱ्यातून उशीवर उतरले. ते पुन्हा तोंड उघडीत, आई पुन्हा चमचा देई, आणि दूध पुन्हा बाहेर येई. वाटी संपेपर्यंत आईने भरविले.

आठवडा संपण्यापूर्वीच ते गेले.

मॉडेल आता आईच्या कपाटावर असते. गॅरेजातले सोबती घरी आले की बॉनेटवरील फडक्याचे ओरखडे व बोटांचे ठसे पाहून म्हणतात, रंग सुकू द्यायचा होतास. त्यांचे म्हणणे योग्यच आहे.