मिल्टन ऑस्ट्रोची चूळ

मिल्टन ऑस्ट्रोला आयुष्यात एकच कला नीट जमली होती, ती म्हणजे चूळ टाकणं. चार हातांवरच्या बादलीत तो तोंडातली वाइन अशी सोडायचा की शर्टावर थेंब नाही, जमिनीवर शिंतोडा नाही. परदेशातून वाइन आणणाऱ्या माणसाला हे यावंच लागतं. दिवसाकाठी पन्नास-साठ चवी घ्यायच्या आणि वर मोटार हाकत पुढचं गाव गाठायचं, तर गिळून कसं चालेल?

बाकी आपला धंदा म्हणजे दुसऱ्याच्या घामावर आपलं नाव चिकटवायचा, हे तो स्वतःच सांगत सुटायचा. इथे जर्मनीत मोझेल नदीकाठचा शेतकरी वर्षभर कड्यावर लटकून द्राक्षं पिकवतो. एप्रिलात मिल्टन येतो, ‘हं’ म्हणतो, चूळ टाकतो, आणि बाटल्या जहाजात बसून न्यू जर्सीला निघतात. तिथे त्या घाऊकवाल्याकडे जातात, त्याच्याकडून दुकानदाराकडे, दुकानदाराकडून गिऱ्हाइकाकडे. एवढे हात बदलूनही बाटलीच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘आयातदार : मिल्टन ऑस्ट्रो’ एवढं राहतं. बाटली उलटी करून ते नाव वाचणारी आणि मगच पैसे काढणारी चार चोखंदळ माणसं अमेरिकेत होती. मिल्टनच्या मते ती चारशे तरी असावीत.

त्या चौघांचा विश्वास मिळाला होता तो एगॉन वालेराथच्या रीसलिंग या पांढऱ्या वाइनमुळे. मिल्टनच्या यादीत फ्रान्समधले दोघं होते, जर्मनीतले आणखी तिघं होते, पण एगॉनची बाटली वगळली तर ती यादी म्हणजे नवरदेव नसलेली वरात. आणि एगॉन जानेवारीत गेला. आता सगळा कारभार मुलगी अ‍ॅनेग्रेटच्या हातात होता, आणि न्यूयॉर्कच्या एका बड्या आयात-कंपनीचा माणूस गुरुवारी तिला भेटायला येणार, हे मिल्टनला गावच्या बेकरीतच कळलं होतं. अशा बातम्या पावाबरोबर फुकट मिळतात.

म्हणून आज त्याने ठरवलं होतं, की गोड बोलायचं. तळघरात अ‍ॅनेग्रेटने एकेका पिंपातली नवी वाइन काढून दिली. गेल्या ऑक्टोबरात बाप अंथरुणाला खिळलेला असताना तिने एकटीने केलेली ही पहिली वाइन. मिल्टनने प्रत्येक पिंपाला ‘सुरेख’ म्हटलं. तिसऱ्याला ते मनापासून होतं. बाकीच्यांना धंद्यापासून.

“सगळीच सुरेख?” अ‍ॅनेग्रेटने विचारलं.

“वालेराथांच्या घरात दुसरं काय निघणार?” मिल्टन म्हणाला, आणि स्वतःच्याच गोडपणाने त्याचे दात शिवशिवले.

मग दोघं वर स्वयंपाकघरात आली. एगॉनची बायको हेडविग बटाट्याचं सूप ढवळत होती. टेबलावर पाव आणि लिव्हरचं सॉसेज मांडलं होतं. अ‍ॅनेग्रेटने लेबल नसलेली एक बाटली आणून उघडली आणि तिघांचे ग्लास भरले. मिल्टनचं तोंड मात्र चालूच होतं. बड्या कंपन्या छोट्या शेतकऱ्याला कशा गिळतात, यावर त्याने तयार करून आणलेलं भाषण ऐन रंगात आलं होतं. बोलता बोलता त्याने घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि बादली दिसेना म्हणून खिडकीतल्या फुलझाडाच्या कुंडीत अचूक चूळ सोडली.

हेडविगचा सूप ढवळणारा हात थांबला.

“बाबांची आहे ती,” अ‍ॅनेग्रेट हळूच म्हणाली. “शेवटची. वरच्या उतारावरच्या द्राक्षांची. आदल्या खुडणीची, मोजक्याच बाटल्या आहेत. तुम्हालाही त्यांनी गेल्या वर्षी दाखवली नव्हती. आम्ही अजून चाखलीसुद्धा नव्हती. आई म्हणाली, मिल्टन आल्यावर उघडू.”

जित्याची खोड म्हणतात ती ही. मिल्टनला वाटलं, धरणी दुभंगून निदान कुंडीसकट आपल्याला पोटात घेईल तर बरं. माणसासारखा माणूस असता तर त्याने तिथेच माफी मागितली असती. पण मिल्टन वाइनवाला होता, आणि तोंडघशी पडलेल्या वाइनवाल्याला नेहमी एकच सबब सुचते.

“बूच,” तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. “बूच खराब निघालंय, पोरी. वाइनला वास लागलाय. म्हणून टाकली.”

अ‍ॅनेग्रेटने आपल्या ग्लासातला घोट घेतला. तिच्या कपाळावर आठी पडली, आणि मग चेहरा असा खुलला की मिल्टनला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

“तरीच! मला वाटलं, माझीच जीभ गेली. बाबांची वाइन अशी कशी लागेल? थांबा, दुसरी उघडते.”

“कशाला उगाच,” मिल्टन म्हणाला. पण ती गेलीसुद्धा, आणि आणखी दोन बाटल्या घेऊन आली.

दुसरी बाटली उघडली. अ‍ॅनेग्रेटने घोट घेतला, आणि ग्लास हातातच ठेवून ती मिल्टनकडे बघत राहिली. “हिचंही बूचच का हो?”

मिल्टनने नुसता वास घेतला. बुचाचा दोष ना पहिलीत होता ना हिच्यात. हो म्हणायला काय जात होतं? बुचांच्या व्यापाऱ्याने जगभरच्या वाइनवाल्यांची पापं आजवर पोटात घातली होती, आणखी एक घातलं असतं. बापाची अब्रू राहिली असती, मिल्टनची राहिली असती, मुलीला बरं वाटलं असतं. अ‍ॅनेग्रेट तिसऱ्या बाटलीला हात घालत होती, आणि पहिली, अर्धी उरलेली बाटली तिने मोरीशी नेऊन ठेवली होती, ओतून द्यायला.

“थांब,” मिल्टन म्हणाला. “ओतू नकोस. बुचाला काही झालेलं नाही. मी थुंकलो ते सवयीने. कुत्र्याला कळलं असतं की ही वेळ थुंकायची नाही, मला कळलं नाही. आणि मग मी खोटं बोललो.”

अ‍ॅनेग्रेट वळली. तिला रागवायचं होतं, पण त्याआधी तिला दुसरंच काही हवं होतं.

“मग वाइन कशी आहे?”

मिल्टनने ग्लास उचलला आणि सगळा घोट गिळला. या घरची वाइन त्याने वीसेक वर्षं अमेरिकेला विकली होती, पण या टेबलाशी बसून ती पोटात घालण्याची ही पहिलीच खेप. गुरुवार त्याच्या डोक्यात होता. न्यूयॉर्कचा माणूस डोळे मिटून ‘सुरेख’ म्हणेल, तेही त्याला ऐकू येत होतं. त्याला मनापासून भीती वाटली.

“पडलेली आहे,” तो म्हणाला. “पातळ आहे, जीव नाही तिच्यात. एगॉन तेव्हा थकला होता.”

मग हेडविग चूल बारीक करून टेबलाशी येऊन बसली.

“थकलाच होता,” ती म्हणाली. “गुडघ्यांत जोर नव्हता. एकटाच दोरी धरून वर चढायचा. खुडलेली द्राक्षं दोन-दोन दिवस वरच राहायची. मी म्हटलं, अरे, यंदा वरचा उतार सोडून दे. तर म्हणाला, मिल्टन येईल ना. त्याला वरच्या उताराची लागतेच.”

दरवर्षी ‘वरची आहे ना?’ म्हणत हक्काने ग्लास पुढे करणारा शहाणा मिल्टनच होता. त्याने रुमाल काढला आणि कोणालाही न लाजता डोळे पुसले.

अ‍ॅनेग्रेटने स्वतःच्या ग्लासातली वाइन संपवली, शेवटच्या थेंबापर्यंत.

“आणि माझी?” तिने विचारलं. “तळघरातली. मघाशी सगळी सुरेख होती.”

“तिसरं पिंप खरंच चांगलं आहे,” मिल्टन म्हणाला. आता हात दाखवून अवलक्षण झालंच होतं, तर पुरतंच होऊ दे, असं त्याला वाटलं. “बाकीची भित्री आहे. घाबरून लवकर खुडलीस.”

“पावसाचा अंदाज सांगितला होता.”

“आला?”

“नाही आला.” ती थोडा वेळ खिडकीबाहेरच्या उताराकडे बघत राहिली. “बाबा थांबले असते.”

“थांबला असता.”

“आई सकाळीच म्हणत होती, न्यूयॉर्कच्या माणसाला केक खायला घालून परत पाठव. मीच म्हटलं, आधी मिल्टन काय म्हणतात ते बघू. आता केकच करते.” तिने त्याचा ग्लास त्याच फिक्या वाइनने पुन्हा भरला. “पण तुम्ही एप्रिलात येऊन मला उपयोग नाही. तोवर सगळं होऊन गेलेलं असतं. ऑक्टोबरात या, खुडणीच्या आधी. उतारावर उभं राहून मला ‘थांब’ म्हणायला कोणीतरी लागेल.”

मिल्टनला कड्यावर चढायची सवय नव्हती, आणि उंचीची तर भीतीच होती. तो म्हणाला, येईन. हेडविगने त्याच्यापुढे सूप ठेवलं.