न संपणारी टाकी

"ताई, तुम्हाला खरं वाटणार नाही," फिटर म्हणाला, "पण गेल्या वर्षी सवलत बंद झाली त्या महिन्यात आणलेली गॅसची टाकी आमच्याकडे अजून चालू आहे."

समोरची मुलगी घरोघर हेच विचारत फिरत होती : गॅसवरची सवलत गेल्यावर तुमचं कसं चाललंय? आकडे नकोत, तुमच्या शब्दांत सांगा, असं म्हणून तिने फोन रेकॉर्डिंगला लावून खाटेवर ठेवला. मग काय, फिटरला रानच मोकळं मिळालं. कारखाना सुटल्यापासून त्याचं बोलणं कोणी शेवटपर्यंत ऐकलंच नव्हतं.

"वर्षभर एकच टाकी? कशी काय?"

"अहो, जन्म गेला माझा टाक्यांत! नुसती वाजवली की आवाजावरून सांगायचो, भरलेली का रिकामी. बर्नर असा बसवलाय, की ज्योत दिसत नाही अन् दूध उतू जातं. परवा तर भात शिजला, मग लक्षात आलं, शेगडी पेटवायचीच राहिली!"

मुलगी खळखळून हसली. आतून खोकल्याची उबळ ऐकू आली.

"सूनबाई," फिटर घाईने म्हणाला. "धुळीचा त्रास आहे तिला."

कोपऱ्यात टाकी झालरीच्या कापडाखाली पाहुणीसारखी बसली होती, डोक्यावर फुलदाणी घेऊन. मागच्या पत्र्याआड फोडलेल्या खोक्यांच्या फळ्या रचल्या होत्या. मुलगी येताना दिसली तेव्हाच फिटरने मागचं दार पायाने लोटून घेतलं होतं. जन्मभर कमावलेल्या माणसाची सून फुंकणी घेऊन चुलीपुढे बसते, हे परक्यासमोर तोंडातून निघावं तरी कसं?

"म्हणजे तुमच्या घरात काहीच फरक पडला नाही, असं धरू?"

"खुशाल धरा. काडीचा नाही!"

आणि त्या भरात सवयीने जीभ घसरली. "सूनबाई, चहा टाक गं ताईंना."

आतली भांडी एकदम गप्प झाली. मग मागचं दार करकरलं.

बऱ्याच वेळाने चहा आला. त्यावर राखेचा कण तरंगत होता. मुलीने तो बोटाने अलगद कडेला घेतला आणि घोट घेतला. फिटरच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. पण जीभ कसली थांबतेय!

"बघा, चुटकीसरशी उकळला. गॅसच असा—"

"धुळीचा नाही, बाबा," सून म्हणाली. तिचे डोळे लालभडक झाले होते. "धुराचा त्रास आहे मला."

तिने फुलदाणी उचलून सासऱ्याच्या हातात दिली, कापड ओढलं आणि हातातली सांडशी टाकीवर हाणली.

टण्णऽऽ.

"ताई, आलं का हे तुमच्या फोनमध्ये? का परत वाजवू?"

फिटर फुलदाणी मांडीवर धरून बसला होता. त्याने मान वर केली नाही.