भरलेला पेला

आपली उपजीविका दुसऱ्याच्या हाती सोपवताना माणूस केवळ काम मागत नसतो. काम मागण्याच्या आडून तो आणखी काय मागतो, हे पुष्कळदा त्याचे त्यालाही उमगत नाही.

नोकऱ्या मिळवून देणाऱ्या एजन्सीवाल्या बाईंनी चहाचा पेला काठोकाठ भरला आणि टेबलावरून भिंगवाल्यापुढे सरकवला.

"घ्या. बशी नाही देणार."

त्याने पेला उचलला, ओठांशी नेला, एक घोट घेऊन खाली ठेवला. टेबलावर थेंबही सांडला नाही.

"आणि काल मी पाठवलं त्या मालकांना म्हणालात, हात थरथरतो!"

चष्म्याची भिंगे घासण्यात त्याचे उभे आयुष्य गेले होते. कारखान्याला टाळे लागले तेव्हा परगावच्या लेकीने काम मिळवून देणारा एक चुणचुणीत तरुण शोधून दिला होता. काचेच्या इमारतीत बसणारा तो तरुण "काका, काम झालंच समजा" असे म्हणून एका दमात गावभर अर्ज धाडी आणि मग दिसेनासा होई. भिंगवाला त्याला सोडून, जिना चढून या बाईंकडे आला. "बाबा, त्या बाईंकडे कॉम्प्युटर तरी आहे का?" लेकीने विचारले होते. होता, त्यावर बाईंनी स्वेटर वाळत घातलेला असे.

बाईंची रीत मात्र न्यारी होती. बातमी असो वा नसो, त्या आपल्या प्रत्येक उमेदवाराला रोज सकाळी स्वतः फोन करीत. वाट पाहणाऱ्याला तर्क करीत बसवू नये, एवढेच त्यांचे म्हणणे. "आज काही नाही हो दादा. जेवलात का काल नीट?" एवढे ऐकण्यासाठी तो अंघोळ उरकून, धुतलेला सदरा घालून फोनपाशी बसे. फोन ठेवल्यावर एकट्याच्या घरात दुसऱ्या सकाळपर्यंत कोणी बोलत नसे.

"काम नको होतं का तुम्हाला?" बाईंनी विचारले.

"हवं होतं."

"मग?"

त्याने पेला उगाच थोडा फिरवला.

"काम लागलं की तुमचा फोन बंद होणार."

बाई हसतील असे त्याला वाटले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी नाकावरचा चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा चढवला.

"दादा, माझ्याकडून माणसं निघून गेली, तरच माझं काम झालं म्हणायचं. तुम्हाला मी धरून ठेवलं, तर त्या काचेतल्या पोरापेक्षा मी वाईट."

"म्हणजे त्याला सोडून तुमच्याकडे आलो, ही माझी निवड चुकली."

"ते तुम्ही ठरवा," असे म्हणून त्यांनी फोन उचलला. "मालक, कालच्या भिंगवाल्यांबद्दल बोलतेय. हात खणखणीत आहे, आत्ता डोळ्यांनी पाहिलं. ... हो, खोटं बोलले. ... कारण मला माहीत आहे, पण ते सांगणार नाही. माझ्या शब्दावर पुन्हा बघा." मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत राहिल्या. फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा थकलेला दिसत होता.

"उद्यापासून या म्हणाले. असा शब्द एका मालकाकडे एकदाच टाकता येतो. तो मी तुमच्यावर खर्चला."

भिंगवाला उठला. त्याने हात जोडले.

"उद्या फोन करणार नाही हं," बाई म्हणाल्या आणि समोरचे कागद सारखे करू लागल्या. कागद आधीच सारखे होते.

बाहेरच्या बाकावर एक अनोळखी गृहस्थ पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. भिंगवाला त्यांच्या समोरून पुढे गेला, जिन्याच्या तोंडाशी थांबला आणि परत येऊन त्यांच्या शेजारी बसला.

"पहिल्यांदाच आलात?"

"हो. कशा आहेत बाई?"

"बऱ्या आहेत. फक्त त्यांच्याशी खोटं बोलू नका."

"तुमचं झालं का काम?"

"झालं," तो म्हणाला. तरीही तो उठला नाही.

काम शोधणाऱ्यांना काम लाभो, शोधून देणाऱ्यांचा शब्द राहो; आणि त्या बाकावर कोणी एकटे न बसो.