अर्धी बाटली

"आकडा कमी आला ने? मग तर सारुंच! पाठवून द्या रिपोर्ट," गुणवंतभाई दारातूनच म्हणाले.

उर्मिलाने कपाळाला हात लावला. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यातल्या या तपासणी लॅबमध्ये केमिस्ट म्हणून तिचे केस पिकले होते, पण मालकाला हे समजावणं काही संपलं नव्हतं.

"भाई, कमी येणारच. बाटली बघा. अर्धी भरलेली, झाकण ढिलं. उडणारं होतं ते वाटेतच उडालं. उरलेल्याचा बाष्पदाब घेऊन काय करू?"

बंद भांड्यात द्रावणाची वाफ किती जोर लावते, एवढंच मोजायचं होतं. एका कारखान्यात यंत्राचे सुटे भाग पुसायला आणलेलं ते नवं द्रावण बंद खोलीत वापरत राहायचं की नाही, ते त्यावर ठरणार होतं. त्यात सकाळपासून दोनदा लाईट गेलेली.

फोन वाजला. त्या कारखान्याचा सुपरवायझर, पराग.

"मॅडम, एका आकड्यासाठी किती थांबायचं? शेठ माझ्या डोक्यावर बसलेत."

"बाटली धड भरून दिली असती तर झालं असतं."

"दुसरी पाठवतो ना."

"नको. मीच येते."

बर्फाचा डबा घेऊन ती रिक्षाने खारी गावातल्या कारखान्यात गेली. खोलीच्या खिडक्या बंद होत्या. आत चार-पाच बायका फडक्यांनी भाग पुसत होत्या. दोन मिनिटांत उर्मिलाला गरगरलं.

"अहो, खिडकी तरी उघडा!"

"धूल बसते. मंग परत पुसावं लागतं," दाराजवळची ममता म्हणाली.

"डोकं नाही दुखत?"

"दुपारनंतर दुखतं. बाम लावतो, पन त्याचाबी वास येत नाय."

उर्मिलाने पिंपातून काचेची बाटली गळ्यापर्यंत भरली, बूच घट्ट लावलं आणि बर्फात ठेवली.

लॅबमध्ये परतून मोजला, तर या वेळी दाब दुपटीहून जास्त आला. तिने पुन्हा मोजला. तेवढाच.

"पार्टी जाशे," गुणवंतभाई म्हणाले.

"जाऊ दे. खाली सही माझी आहे."

त्यांनी रिपोर्ट पुन्हा वाचला. मग शिक्का मारून दिला. पार्टी खरंच गेली; कारखाना पुढचे नमुने दुसऱ्या लॅबला देऊ लागला. त्यानंतर गुणवंतभाई तिच्याशी कामापुरतंच बोलू लागले. आणि त्या रिपोर्टमुळे वाफ खेचणारे पंखे बसेपर्यंत कारखान्यातलं पुसायचं कामही बंद राहिलं.

आठवड्याने भाजी घेताना ममता दिसली. उर्मिला वळून जाणार, तोच हाक आली.

"ओ मॅडम! तुमच्यापायी घरी बसलोय आमी सगल्या. ठावं हाय ना?"

"पंखे लागले की बोलावतील."

"बोलावतील तवा बोलावतील. तवर पोरांना काय घालू?"

 पिशवी या हातातून त्या हातात घेत उर्मिला उभी राहिली. ममताने रागारागातच कोथिंबिरीची जुडी उचलली, निवडायला नाकाशी नेली आणि थांबली. पुन्हा हुंगली.

"किती वास येतोय हिला," ती हळूच म्हणाली.

भाजीवाला पैशांसाठी हात पुढे करून उभा होता. तिने जुडी नाकापासून खाली घेतली नाही.